विहिरीला खारं पाणी लागतंय का, हे वेळेत कसं ओळखायचं?

खारवट (धागाकर्ता)

आमच्या वस्तीची एक सामाईक बोअर आहे. समुद्र तिथून साधारण ६०० मीटर. जमीन वाळूची, बोअरची खोली २८ मीटर. पाणी आजवर गोडच. पण गेल्या दोन वर्षांत आजूबाजूचा उपसा खूप वाढलाय, आणि आमच्याहून दीडशे मीटर समुद्राकडे असलेली एक बोअर मचूळ झाली म्हणून लोकांनी सोडून दिली. तेव्हापासून मी दर महिन्याला खिशातल्या टीडीएस मीटरने (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) नळाचं पाणी मोजतो. वहीतले शेवटचे सहा आकडे, लिटरला मिलिग्रॅममध्ये: ४८०, ५१०, ४७०, ९००, ५२०, ५६०.

९०० आला त्या रात्री झोप लागली नाही. पुढच्या महिन्यात ५२० आला तेव्हा लागली.

प्रश्न एवढाच: महिन्यातून एकदा असं मोजणं पुरेसं आहे का? नसेल तर काय मोजायचं, कुठे आणि किती वेळा? जाणकारांनी सांगावं. वस्तीत मी एकटाच वही घेऊन फिरतो, त्यामुळे लोकांच्या करमणुकीचा विषय झालोय हे वेगळं.

बगळा

९०० च्या दिवशी मीटर समुद्रात बुडवून मग नळाखाली धरला नव्हता ना?

शिंपला

वाचतेय. आमच्याकडेही हाच प्रश्न आहे, फक्त वही नाही.

भूजलवाली

खारवट, वही ठेवलीत यातच अर्धं काम झालं. उरलेल्या अर्ध्यासाठी मला आधी चार गोष्टी सांगा. नमुना घेताना पंप किती वेळ चालू होता? नमुना थेट बोअरच्या तोंडाशी घेतला की टाकीतून आलेल्या नळाला? पंप किती खोलीवर सोडलाय? आणि सगळ्यात महत्त्वाचं, बोअरमधल्या पाण्याची पातळी सरासरी समुद्रपातळीच्या किती वर आहे? जमिनीपासून किती खाली, हे नकोय मला. समुद्रपातळीच्या किती वर, ते हवंय.

चौथा आकडा का मागतेय ते सांगते. किनाऱ्याजवळ वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्के जड. त्या फरकातून साधा हिशेब निघतो: गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या वर जेवढी, त्याच्या चाळीसपट खोलीपर्यंत खाली गोडं पाणी. बाडोन गायबेन या डच लष्करी इंजिनियरने हे अ‍ॅमस्टरडॅमच्या संदर्भात १८८० च्या दशकाअखेरीस मांडलं, आणि हेर्झबर्ग या जर्मनाने उत्तर समुद्राच्या काठावरच्या कामातून १९०१ मध्ये स्वतंत्रपणे. दोघांच्या नावाने ते ओळखलं जातं.

आता हे उलटं वाचा. पातळी नुसती १० सेंटीमीटर उतरली तर खालची गोड्या-खाऱ्याची हद्द, सगळं स्थिरावल्यावर, ४ मीटर वर येते. वीतभरसुद्धा नाही अशी घट वर दिसते आणि खाली मजलाभर पाणी बदलतं. नळाचा टीडीएस या सगळ्यात शेवटचा साक्षीदार. तो बोलायला लागतो तेव्हा प्रकरण बरंच पुढे गेलेलं असतं.

उधाण

एवढ्या गणिताची गरज नाही. आमच्या विहिरीचं पाणी भरतीला चढतं, ओहोटीला उतरतं. उघड आहे, समुद्र आत-बाहेर करतोय. जिथे पाणी भरतीबरोबर हलतं तिथे विहीर खारी होणारच.

भूजलवाली

@उधाण, हा गैरसमज फार जुना आणि फार पसरलेला आहे. हलतो तो दाब. समुद्राचं पाणी स्वतः चालत तुमच्या विहिरीपर्यंत येत नाही. लांब पाइप पाण्याने गच्च भरलेला असताना एका टोकाला ढकललं तर दुसऱ्या टोकाला पाणी बाहेर येतं, ते काही तुम्ही ढकललेलं पाणी नसतं. वर मातीचा घट्ट थर असलेल्या बंदिस्त जलधरात (पाणी धरून ठेवणाऱ्या थरात) तर हा दाब काही किलोमीटर आतपर्यंत जाणवतो. आतमध्ये तो उशिरा पोचतो आणि क्षीण होत जातो. भरती बारा वाजता असेल तर विहिरीत ती दोनला किंवा चारलाही दिसेल.

गंमत म्हणजे चाळीसपटीच्या नियमाआधी कितीतरी वर्षं, १८२८ मध्ये, जोसेफ द्यूकोमाँ नावाच्या एका शिक्षकाने अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधल्या अशाच भरतीबरोबर चढउतार होणाऱ्या गोड्या पाण्याच्या विहिरीबद्दल लिहिलं. दोन वेगवेगळ्या घनतेच्या पाण्यांचा तोल आहे, हे त्याने तेव्हाच ताडलं होतं. नाव मात्र पुढच्यांचं झालं.

उधाण

बरं. म्हणजे आमची विहीर हलते पण खारी नाही, हे तुमच्या म्हणण्याप्रमाणे बरोबर आहे. आजवर मी लोकांना उलटं सांगत होतो :)

मोलर

मी रसायनवाला, म्हणून एक मुद्दा. खिशातला टीडीएस मीटर क्षार मोजतच नाही. तो विद्युतवाहकता मोजतो आणि एका ठरावीक गुणकाने गुणून टीडीएस म्हणून दाखवतो. गुणक सहसा ०.५ ते ०.७ च्या दरम्यान, कंपनीगणिक वेगळा. त्यामुळे दोन मीटरचे आकडे एकमेकांशी ताडू नयेत. शक्य असेल तर वाहकताच लिहावी, २५ अंश तापमानाला सुधारलेली.

दुसरं, वाहकता वाढली म्हणजे समुद्रच आला असं नाही. खतं, सांडपाणी, कठीणपणा, काहीही असू शकतं. खात्री हवी तर क्लोराइड तपासा. चाचणी अगदी साधी आहे. नमुन्यात पोटॅशियम क्रोमेटचे थेंब घालतात, तो पिवळा दिसतो. मग ब्युरेटमधून (मापाच्या खुणा असलेल्या नळीतून) सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडायचं. पांढरा साका तयार होत राहतो, पिवळा पिवळाच राहतो, आणि एका थेंबाला अचानक विटकरी छटा येते आणि ढवळूनही जात नाही. तिथे थांबायचं. किती मिलिलिटर गेलं त्यावरून क्लोराइड. शाळेतल्या प्रयोगशाळेतही होतं.

समुद्राच्या पाण्यात क्लोराइड लिटरला सुमारे १९,००० मिलिग्रॅम. चव २५० च्या आसपास जाणवू लागते. म्हणजे शंभर बादल्या गोड्या पाण्यात दोन बादल्या समुद्र मिसळला तरी पिताना तोंड वाकडं होतं. खारवट यांचा ९०० चा आकडा घ्या. समुद्राचे एकूण क्षार ३५,०००. पाचशेवरून नऊशे व्हायला सव्वा टक्कासुद्धा समुद्र लागत नाही. तो खरंच समुद्र होता का, हे क्लोराइडच सांगेल.

रोखठोक

सगळं ठीक आहे, पण मोजून काय करणार? समुद्राची पातळी वाढतेय. आज ना उद्या किनाऱ्याच्या विहिरी जाणारच. मीटर घेऊन बसलात म्हणून समुद्र थांबणार आहे का?

अंतर्वक्र

@रोखठोक, इथे असहमत. फर्ग्युसन आणि ग्लीसन यांचा २०१२ चा अभ्यास आहे, अमेरिकेतल्या किनारी जलधरांवरचा. निष्कर्ष असा की बहुतेक ठिकाणी उपशाचा परिणाम समुद्रपातळी वाढीपेक्षा जास्त. अपवाद फक्त अगदी सपाट उतार असलेल्या भागांचा. उपसा आपल्या हातात आहे, म्हणून मोजण्याला अर्थ आहे.

बाकी चाळीसपटीबद्दल एक सूचना. ती स्थिर पाण्यासाठी आहे. प्रत्यक्षात गोडं पाणी सतत समुद्राकडे वाहत असतं, त्यामुळे हद्द त्या हिशेबापेक्षा थोडी खाली आणि समुद्राच्या बाजूला असते. भूशास्त्रज्ञ हबर्टने १९४० मध्ये हे दाखवून दिलं. शिवाय हद्द म्हणजे काही काचेचा पडदा नाही. मिसळीचा पट्टा असतो, कुठे मीटरभर, कुठे बराच जाड. मायामीच्या बिस्केन जलधरात अभ्यास झाला तेव्हा दिसलं की समुद्राचं पाणी तळातून आत येतं, गोड्यात मिसळतं आणि वरच्या अंगाने परत समुद्रात जातं. ते एक फिरतं चक्र आहे.

रोखठोक

असेल. पण उपसा कमी करायला तयार कोण आहे, ते सांगा.

पाटपाणी

मी शेतकरी. आमच्याकडे पाणी कमी पडलं की पहिला सल्ला एकच, बोअर अजून वीस फूट खाली न्या. माझ्या शेजाऱ्याने नेली. पहिला महिना भरभरून पाणी, सगळे त्याच्याकडे बघायला. तिसऱ्या महिन्यात पिकाची पानं कडेकडेने करपली. मग बोअर बंद. मी नेली नाही ती हुशारीने नव्हे, तेव्हा हातात पैसे नव्हते म्हणून.

भूजलवाली

@पाटपाणी, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वात मोलाचा. आतल्या भागात खोल जाणं कधी कधी चालतं. किनाऱ्याजवळ खोल जाणं म्हणजे खाऱ्या पाण्याच्या दाराशी जाऊन कडी वाजवणं. इथे उथळ आणि पसरट जायचं: लहान पंप, जास्त विहिरी, किंवा वरच्या थरात आडवी टाकलेली छिद्रांची नळी.

पंप चालू झाला की त्याच्याखाली खारं पाणी शंकूसारखं वर ओढलं जातं. जोराचा पंप, उंच शंकू. ठरावीक उंचीपर्यंत तो स्थिर राहतो. त्यापलीकडे गेला की एकदम पंपात घुसतो. आणि चढतो जितका पटकन, उतरतो त्याच्या कितीतरी हळू. खारवट, तुमच्या ९०० ला माझा पहिला संशय या शंकूचा आहे.

तारेवरची

मी डेटा लॉगर, म्हणजे आपोआप नोंदी घेणारी यंत्रं, बसवण्याचं काम करते. दोन अनुभव, दोन्ही डोकं धरायला लावणारे.

पहिला. एका ठिकाणी दर महिन्याच्या एक तारखेला माणूस जाऊन पातळी मोजायचा. सकाळी कधी दहा, कधी साडेअकरा. पाच वर्षांचा आलेख छान लाटांसारखा. अहवालात लिहिलेलं, 'हंगामी चढउतार'. आम्ही तासातासाला मोजणारा लॉगर सोडला आणि पंधरवड्यात कळलं की त्या लाटा भरतीच्या होत्या. तारीख ठरलेली पण भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं सरकते, त्यामुळे दर महिन्याला भरतीच्या वेगळ्या टप्प्यावर मोजणी व्हायची. खरी सरासरी पातळी त्या सगळ्या काळात सलग उतरत होती. ती उतरण लाटांमध्ये लपून गेली.

दुसरा जास्त वाईट. निरीक्षण विहिरीत वाहकतेचा सेन्सर एका खोलीवर टांगलेला. तीन वर्षं आकडा सरळ रेषेत. सगळे खूश. आम्ही देखभालीला गेलो तेव्हा मी हट्टाने प्रोब (केबलला लटकवलेला वाहकतामापक) तळापर्यंत सोडला. सेन्सरच्या खाली साडेतीन मीटरवर आकडा हजारातून थेट वीस हजारांवर. खारं पाणी खालून वर येत होतं आणि आम्ही वरच्या मजल्याच्या खिडकीतून बघत 'रस्ता मोकळा आहे' म्हणत होतो. तोवर त्या विहिरींवर कुणी निर्णय घ्यायचा, हेच ठरलेलं नव्हतं. आकडे कपाटात जात होते.

आणखी एक, लॉगर घेणाऱ्यांसाठी. साधा दाब-सेन्सर पाण्याबरोबर हवेचा दाबही मोजतो. हवेचा दाब १ मिलिबारने बदलला की पाण्याच्या आलेखात साधारण १ सेंटीमीटर. वादळी आठवड्यात २० सेंटीमीटरचा खोटा बदल दिसू शकतो. जवळच एक वायुभारमापक ठेवा आणि वजाबाकी करा. जिथे १० सेंटीमीटरला ४ मीटर, तिथे ही चूक परवडणारी नाही.

शिंपला

'वरच्या मजल्याच्या खिडकीतून' हे भारी होतं. पण मग प्रोब सोडायचा कशात? पाणी काढायच्याच बोअरमध्ये?

भूजलवाली

शक्यतो नाही. उपशाच्या बोअरमध्ये पंप, पाइप, केबल, सगळं अडकतं. वेगळी निरीक्षण विहीर हवी, आणि ती समुद्र आणि तुमची बोअर यांच्या मध्ये हवी, म्हणजे खबर आधी तिथे लागते. आदर्श म्हणजे एकाच जागी तीन-चार बारीक नळ्या, प्रत्येकीची जाळी (पाणी आत येण्याचा छिद्रांचा भाग) वेगळ्या खोलीवर आणि जेमतेम मीटर-दोन मीटर लांब.

पूर्ण उंचीभर छिद्रं असलेली एकच लांब नळी फसवते. वेगवेगळ्या थरांत दाब वेगळा असतो, नळी त्यांना जोडते, आणि पाणी नळीच्या आतच वर किंवा खाली वाहू लागतं. मग नळीतली खारट-गोड हद्द आणि बाहेर वाळूतली हद्द यांचा मेळ राहत नाही. भरतीबरोबर नळीतली हद्द मीटरभर नाचते आणि बाहेर जवळजवळ स्थिर असते, असं दिसलेलं आहे.

अंतर्वक्र

यात आणखी एक खाच. खोल नळीत खारं पाणी भरलं असेल तर तिची पातळी शेजारच्या गोड्या नळीच्या पातळीशी थेट ताडता येत नाही. खाऱ्या पाण्याचा ४० मीटरचा स्तंभ गोड्या पाण्याच्या ४१ मीटरइतका दाब देतो. म्हणजे मीटरभराचा फरक निव्वळ वजनामुळे. ही दुरुस्ती केली नाही तर नकाशावर पाणी समुद्राकडे चाललेलं दिसेल आणि प्रत्यक्षात जमिनीकडे येत असेल. मी हे विद्यार्थी असताना स्वतः केलंय. बाणांची दिशा उलटी काढून आठवडाभर त्यावर सिद्धान्त रचत होतो.

बगळा

आठवडाभरच? लोक त्यावर पूर्ण कारकीर्द काढतात.

लाटणं

जरा अवांतर. ही समस्या फक्त खेड्यांची नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एकेकाळी शहराचं पाणी जमिनीतून उपसत होते. पातळी समुद्राच्या बरीच खाली गेली, खारं पाणी आत आलं, आणि १९४७ मध्ये सार्वजनिक पुरवठ्यासाठीचा उपसा बंद करावा लागला. पुढे काय झालं? पाणी परत वर आलं आणि तळघरं व भुयारी रेल्वे यांत शिरलं. उपसा चालू असताना कोरड्या जमिनीत बांधलेलं सगळं ओलं झालं.

रोखठोक

म्हणजे उपसलं तरी अडचण, थांबवलं तरी अडचण. मी काय म्हणत होतो!

लाटणं

@रोखठोक, तुम्ही 'काही करू नका' म्हणत होता. मी म्हणतेय, किती उपसायचं ते पातळी बघून ठरवा. मायामीचंच घ्या. दलदल सुकवायला कालवे खणले, त्यामुळे भूजल उतरलं, वर त्याच कालव्यांतून भरतीचं पाणी आत चढू लागलं. १९४० च्या दशकात कालव्यांवर दारं बसायला लागली. दार उघडायचं की लावायचं, हे पाण्याच्या पातळ्या बघून ठरतं. मोजणी आणि कृती यांच्यात एकच कळ, एवढं ते जवळ आहे.

मोलर

लॉस एंजेलिसचंही सांगण्यासारखं. तिथे किनाऱ्याला समांतर विहिरींची रांग आहे, पण त्या पाणी काढायच्या नाहीत, आत सोडायच्या. पहिला प्रयोग १९५० च्या दशकात. सोडलेल्या पाण्याचा जमिनीखाली उंचवटा तयार होतो आणि समुद्राला अडवतो. शेजारच्या ऑरेंज काउंटीत २००८ पासून सांडपाणी अतिशय शुद्ध करून जमिनीत मुरवतात आणि त्यातलं काही अशाच बांधासाठी वापरतात. अ‍ॅमस्टरडॅमने वाळूच्या टेकड्यांखालचं गोडं पाणी १८५३ पासून वापरलं, ते संपत आलं आणि खारं वर यायला लागलं, तेव्हा १९५७ पासून नदीचं पाणी आणून त्या टेकड्यांत मुरवायला घेतलं.

या सगळ्यांत बांधाच्या दोन्ही बाजूंना निरीक्षण विहिरी असतात. पाणी सोडणारी एक विहीर बंद पडली तर तिथून फट पडते आणि ते वेळेत दिसावं लागतं.

शिंपला

आमच्या वस्तीला ऑरेंज काउंटी जमणार नाही. पावसाचं पाणी छपरावरून विहिरीजवळ मुरवलं तर?

भूजलवाली

जमेल, आणि करावं. फक्त गाळून, आणि कोरड्या खड्ड्यात. एक पावसाळा झाल्यावर पातळी किती वर राहिली ते मोजा, म्हणजे उपयोग झाला की समाधान झालं ते कळेल.

खारं पाणी वरूनही येतं, ते विसरू नका. २००४ च्या त्सुनामीत श्रीलंकेच्या किनाऱ्यावरच्या उघड्या विहिरी समुद्राच्या पाण्याने भरल्या. लोकांनी त्या पुन्हा पुन्हा उपसून साफ केल्या. बऱ्याच ठिकाणी त्या जोराच्या उपशानेच खालचं आणि बाजूचं खारं पाणी ओढलं गेलं. थोडं उपसून पावसावर सोडलेलं जास्त बरं ठरलं असतं.

खारवट

तीन आठवड्यांनी परत आलोय. नुसता आलो नाही, वही घेऊन आलोय.

एक. सर्व्हे करणाऱ्या ओळखीच्याला धरून बोअरच्या तोंडाची उंची काढून घेतली: समुद्रपातळीच्या वर ४.१ मीटर. केसिंगच्या (बोअरच्या बाहेरच्या पाइपच्या) कडेला लाल रंगाची खूण केली. आता टेप कायम तिथूनच.

दोन. पाण्याला टेकली की वाजणारी टेप उसनी आणली. पंप बंद ठेवून भरती-ओहोटीचा एक अख्खा दिवस, म्हणजे २५ तास, दर तासाला मोजलं. रात्री बायको म्हणाली, बोअरशी लग्न लाव. सगळ्याची सरासरी काढली तर पातळी समुद्राच्या वर फक्त ०.४२ मीटर. चाळीसपटीने १६.८. म्हणजे जमिनीपासून जेमतेम २१ मीटर. आणि आमची बोअर २८ मीटर, पंप २४ वर! इतकी वर्षं गोडं पाणी कसं मिळालं हेच नवल.

तीन. ९०० चं कोडं सुटलं. वही चाळली तर त्या दिवशी शेजारी लिहिलं होतं, 'टाकी धुतली'. म्हणजे टाकी रिकामी करून परत भरायला पंप सलग नऊ तास चालला होता, आणि मी शेवटी नमुना घेतला. मुद्दाम परत एकदा तसंच केलं. सुरुवातीला ४९०, तीन तासांनी ५१०, सहा तासांनी ६४०, नऊ तासांनी ८८०. क्लोराइड सुरुवातीला ७०, शेवटी २८०. मोलर यांनी सांगितलेली ती विटकरी छटा समोर पाहिली. एका थेंबात बदलते, खरंच.

चार. सोडलेल्या बोअरमध्ये प्रोब सोडला. आजूबाजूचे पंप बंद असताना पहाटे, वरून खाली, हळूहळू, तारेवरची यांनी खाजगी निरोपात सांगितलं तसं. वाहकता मायक्रोसीमेन्समध्ये, खोली तिथल्या जमिनीपासून: ८ मीटरला ७८०, १२ ला ८००, १६ ला १,१००, १८ ला ४,२००, २० ला १७,०००, २२ ला ३३,०००. १६ पासून पुढे केबल सोडताना हात थरथरत होता. आकडा स्थिर व्हायची वाट बघत उभा, आणि तो चढतोच आहे.

मोलर

७० वरून २८० म्हणजे २१० ची वाढ, १९,००० च्या १.१ टक्के. टीडीएसची ३९० वाढ, ३५,००० च्या तेवढीच. दोन्ही हिशेब जुळतात. हे समुद्राचंच पाणी. सांडपाणी असतं तर असं जुळणं अवघड.

तारेवरची

वस्तीत हसणाऱ्यांना हा तक्ता दाखवा.

भूजलवाली

उत्तम काम. ती बोअर पूर्ण छिद्रांची असणार, त्यामुळे मीटर-दीड मीटरची चूक धरा, पण चित्र स्पष्ट आहे. तुमच्या बोअरचा तळ मिसळीच्या पट्ट्यात किंवा त्याखाली आहे. खालचे ११ मीटर, म्हणजे २८ पासून १७ पर्यंत, बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी माती) आणि सिमेंटने नीट बुजवून घ्या. पंप १२ मीटरवर आणा. पंप बदलायची वेळ आली की लहान घ्या. तोवर सलग नऊ तास कधीच नाही, दिवसातून तीनदा तीन-तीन तास आणि मध्ये विश्रांती. टाकी धुणार त्या दिवशी आदल्या रात्रीपासून थोडं थोडं भरा.

पाटपाणी

बोअर बुजवायची म्हटल्यावर वस्तीत भांडण होईल. खोल बोअर म्हणजे श्रीमंती वाटते लोकांना.

खारवट

झालं कालच. एक काका म्हणाले, खणायला खर्च केला, आता भरायला खर्च? नऊ तासांच्या चाचणीच्या सुरुवातीचं आणि शेवटचं पाणी बाटल्यांत भरून ठेवलं होतं. न सांगता दोन्ही त्यांच्या हातात दिल्या. दुसरा घोट त्यांनी थुंकला. ठराव मंजूर.

रोखठोक

बाटलीपुढे मी हरलो. पण आता धोक्याची रेघ कुठे ओढणार? उद्या परत आकडा हलला की बैठका घेत बसाल.

भूजलवाली

हा प्रश्न रास्त आहे. सगळे आकडे एकदम बघू नका, सोडलेल्या बोअरमध्ये १,५०० वाहकता कुठल्या खोलीवर येते तेवढीच रेघ धरा. दर महिन्याला भरतीच्या त्याच टप्प्यावर, पंप बंद असताना. ती रेघ मीटरभर वर आली तर उपसा एक पाळी कमी. दोन मीटर वर आली तर निम्मा. हे आत्ताच, सगळे शांत असताना लिहून सह्या घ्या. आणि पातळीची सरासरी ०.३० च्या खाली गेली तर रेघ हलली नसली तरी पहिली पायरी लागू, कारण पातळी आधी बोलते, रेघ नंतर.

खारवट

लिहिलं. चौदा सह्या झाल्या, दोन बाकी आहेत, त्यांतली एक त्याच काकांच्या मुलाची. आजची रेघ १६.३ मीटर. पुढची नोंद येत्या अमावस्येनंतर तिसऱ्या दिवशी, ओहोटीला. इथेच टाकेन.

बगळा

मीटर धुऊन.